फोटोवरचा जांभळा शिक्का

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता आठवायला जुनी डायरी काढावी लागते. या एका घटनेसाठी डायरी लागत नाही. कुणी घरात टीव्हीचा आवाज वाढवला की ती आपोआप पुढे येऊन उभी राहते आणि माझं डोकं नव्याने फिरतं.

मी तेव्हा मुळशी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. देशभर नाव असलेल्या एका क्रिकेटपटूचं धरणाजवळ फार्महाऊस होतं. त्याचं आणि बायकोचं पटत नसल्याच्या बातम्या महिनाभर चालू होत्या. पटत नसेल, तर तो त्या दोघांचा प्रश्न. पण अशात एका मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ निघाला. आमच्या हद्दीतल्या नेरे गावात एका तीन मजली इमारतीपुढे सकाळच्या वेळी त्याची काळी गाडी थांबलेली आणि तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई मागच्या दारातून उतरतेय. हिंजवडीकडे निघालेल्या हजार मुलींच्या तोंडाला असतो तसाच स्कार्फ. एवढ्यावरून लोकांनी त्या बाईचं वय, जात, पगार आणि लग्नाचा मुहूर्तसुद्धा ठरवला. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

लोकांना नावं ठेवायला मी मोकळा नाही. माझ्या ठाण्यातही हजेरी झाली की शिपाई तोच व्हिडिओ बघत बसायचे. एकदा मी ठाणे अंमलदाराला विचारलं, "स्टेशन डायरी लिहून झाली का?" तो म्हणाला, "झाली साहेब. पण गाडीचा नंबर त्याचाच आहे, मी तपासला." चोरीच्या मोटारसायकलचा नंबर तपासायला या माणसाला तीन दिवस लागायचे.

मग एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "खेळाडूच्या बाईला मारून कासारसाईच्या धरणात टाकलंय." त्यानंतर तासाभरात लातूरकडून एका शिक्षकाचा फोन. त्यांची मुलगी नेऱ्यात खोली घेऊन राहते, हिंजवडीत नोकरी करते. दोन दिवस तिचा मोबाइल बंद आहे, आणि तिचा फोटो 'ती बाई' म्हणून गावभर फिरतोय. ते एसटीत बसूनच बोलत होते. त्यांना आधी मुलगी जिवंत हवी होती. बाकीचं नंतर बघू, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मुलीची मिसिंग, म्हणजे बेपत्ता असल्याची नोंद, दाखल केली. निनावी फोन खोटा असण्याची शक्यता जास्त होती, पण धरण तपासणं भाग होतं. पाणबुडे बोलावले. आम्ही पोहोचण्याआधी तिथे कॅमेरे पोहोचले होते आणि कॅमेऱ्यांच्या आधी वडापावची गाडी. काठावर एक चप्पल सापडली. पंचनामा व्हायच्या आत ती टीव्हीवर झळकली. चप्पल आमच्याच होमगार्डची निघाली. चिखल नको म्हणून त्याने काढून ठेवली होती. ही दुरुस्ती कुठल्याही चॅनेलने दाखवली नाही.

गर्दीतल्या एका गृहस्थाने मोठ्या आपुलकीने मला मोबाइल दाखवला. "साहेब, तुमच्याकडं हिचा फोटो आहे का? घ्या, मी पाठवतो." मी फोटो पाहिला. पासपोर्ट आकाराचा, साधासा चेहरा. खांद्यावरून जांभळ्या शाईची एक गोल कड गेलेली. त्या कडेवरच्या अक्षरांतलं एक उमटलेलं नव्हतं.

तो शिक्का माझ्या ठाण्याचा होता. त्याची कड एका जागी झिजली होती. नवा करून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं होतं आणि दोनदा विसरलो होतो.

आमच्या भागात घरमालकाने भाडेकरूचा फॉर्म दोन प्रतींत ठाण्यात द्यायचा असतो. त्यावर फोटो, मूळ गाव, कंपनी, मोबाइल नंबर. फोटोवर अर्धा येईल असा शिक्का मारून एक प्रत आम्ही ठेवतो, दुसरी मालकाला परत देतो. म्हणजे फोटो एकतर माझ्या ठाण्यातून फुटला होता, नाहीतर मालकाच्या घरातून. मी थेट ठाण्यात आलो आणि फाइल मागवली. आमच्या प्रतीवर शिक्का डाव्या खांद्यावर होता. मोबाइलमधल्या फोटोवर उजव्या. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुख अर्धा तासच टिकलं.

घरमालकाला बोलावलं. पन्नाशीचा, गावातल्या जुन्या घरातला माणूस. शेताचा बराच भाग विकून उरलेल्यावर इमारत बांधलेली, खोल्या भाड्याने दिलेल्या. पांढरी पँट, पांढरा शर्ट. समोर बसताच म्हणाला, "व्हय साहेब, फोटू मीच टाकला. पर वाईट हेतूनं न्हाई."

"कुठे टाकला?"

"गावच्या ग्रुपवर. पारावर समदी इचारत हुती, तुज्या बिल्डिंगीत एकटी ऱ्हाती ती कोन? माज्या घराचं नाव खराब व्हाय लागलं. म्हनलं, दाखवू कागद. पोलिसांचा शिक्का हाय म्हनल्यावर गप बसतील."

"बसले का?"

"न्हाई. म्हनले, बघा, हिची पोलिसांतबी नोंद हाय."

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "आन् साहेब, मीटिंगला तुमीच सांगितलं हुतं. शिक्क्याचा कागद जपून ठेवा, कुनी बोट दाखवलं तर पुढं करा."

सांगितलं होतं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, माईकवर, टाळ्या घेऊन सांगितलं होतं. पुढे करा म्हणजे पोलिसांपुढे, हे वेगळं सांगायला हवं असं मला वाटलं नव्हतं. शेजारी बसलेला बीट हवालदार खाली बघून जबाब लिहीत राहिला. हे वाक्य लिहायचं का, एवढं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, "लिहा."

पण मूळ प्रश्न तसाच होता. गाडी तिथे यायची कशाला? घरमालक म्हणाला, खेळाडू त्याचा उरलेला प्लॉट बघायला यायचा. हे त्याने गावातही सांगितलं होतं. मी त्याला चहा दिला आणि साधे प्रश्न विचारले. खेळाडू घड्याळ कोणत्या हातात घालतो? उंचीने केवढा वाटतो? प्लॉटवर चालत आला की गाडीतून? आरोपी असो की साक्षीदार, मोठ्या खोटेपणाची तयारी करून येतो. बारीकसारीक गोष्टींची करत नाही. तिसऱ्या प्रश्नाला त्याने कप खाली ठेवला.

"त्यो न्हाई यायचा साहेब. डायवर यायचा. माज्याकडंच भाड्यानं हाय त्यो, खालच्या खोलीत. पर एवढी मोठी गाडी रोज दारात म्हनल्यावर... लोकं इचारायची. बोलून गेलो."

ड्रायव्हरला आणायला माणूस पाठवला. तो बायकोला घेऊनच आला. ती सात महिन्यांची गरोदर होती. तोंडावर स्कार्फ होता, तो तिने बसल्यावर सोडला. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी हवालदाराकडे.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हिला सोनोग्राफीला नेलं होतं. मालक गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर बाहेरच्या राज्यात आहेत. गाडी नुसती उभी होती, म्हणून आणायचो. व्हिडिओ आला तेव्हाच सांगणार होतो. पण मालकांना कळलं असतं तर नोकरी गेली असती."

खेळाडूच्या गुडघ्याची आणि त्या परगावच्या हॉस्पिटलची बातमी त्याच आठवड्यात सगळ्या पेपरांत फोटोसकट छापून आली होती. ती वाचून तीच माणसं संध्याकाळी त्याला नेऱ्यात बघत होती.

"आणि ती मुलगी?" मी विचारलं. "तुमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचा फोटो फिरतोय, तुम्ही बघत बसलात?"

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. ती रडायला लागली. म्हणाली, "ताईंना मीच रिक्षात बसवलं. फोन सारखा वाजायचा, घाण घाण बोलायचे लोक. उरवड्यात त्यांची मैत्रीण कंपनीत कामाला आहे, तिच्याकडं गेल्यात. कुणाला सांगू नको म्हणाल्या." मग हळूच म्हणाली, "ती मीच होते, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही."

मी ताबडतोब पाणबुड्यांना वर यायला सांगितलं, शिक्षकांना फोन केला आणि महिला हवालदाराला घेऊन उरवड्याला गेलो. मैत्रीण कामाच्या पाळीवर गेली होती. मुलगी एका खोलीत खिडकी बंद करून बसली होती. वय चोवीस-पंचवीस. आम्हाला पाहून तिने आधी ओढणी तोंडावर घेतली. महिला हवालदाराने तिला पाणी दिलं. मी सगळी हकीकत सांगितली. गाडी, ड्रायव्हर, सोनोग्राफी, घरमालकाचा ग्रुप. शेवटी माझं मीटिंगमधलं वाक्यही सांगितलं, कारण ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं.

तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मीच का? त्या बिल्डिंगमध्ये अठरा खोल्या आहेत."

याचं उत्तर मला ठाऊक होतं. बाकीच्या सतरा खोल्यांत कुणाचा नवरा होता, कुणाचा भाऊ. एकटी बाई ही एकच होती. मला ते तिच्यापुढे बोलवेना.

"मला लिहून द्या," ती म्हणाली. "माझा संबंध नाही असं."

हवालदार पुटपुटली, "सर, असा दाखला देता येत नाही आपल्याला." तिने ते ऐकलं. "फॉर्मवर शिक्का मारलात ना? तो खरा धरला लोकांनी. तसाच याच्यावर मारा."

मी ठाण्यात येऊन लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. वरिष्ठांनी नंतर त्याबद्दल विचारलं, मी लेखी उत्तर दिलं. घरमालकाला समोर बसवून तोच कागद त्याच ग्रुपवर टाकायला लावला. फॉर्मचा फोटो अर्ध्या तासात तालुक्याबाहेर गेला होता. या कागदाला सात जणांनी हात जोडले आणि एकाने लिहिलं, 'पोलिसांवर प्रेशर आलं वाटतं.' प्रेस नोट काढली, ती आतल्या पानावर तळाशी आली. फॉर्म टाकल्याबद्दल घरमालकावर आणि खोट्या फोनबद्दल फोन करणाऱ्यावर रीतसर कारवाई झाली. नंबरावरून सापडलेला तो फोन करणारा इसम म्हणाला, "मी ऐकलं ते सांगितलं." सगळेच ऐकलेलं सांगत होते.

शिक्षक त्याच संध्याकाळी ठाण्यात पोहोचले; मुलीला आम्ही तिथे आणलं होतं. मुलीला पाहून ते पायरीवरच बसले. मी दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "मला कळतंय हो साहेब, लेकराची काहीच चूक नाही. पण मी गावात कुणाकुणाला वाचून दाखवू?" दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गेले. नोकरी, खोली, सगळं सोडून ती गेली. जाताना माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर एका लग्नात तो घरमालक भेटला. जिलबीचं ताट घेऊन शेजारी बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, आता तर तुमी रिटायर झालात. हितं आपुन दोघंच हाये. खरं सांगा, तिचं आन् त्याचं हुतं ना कायतरी?" ज्याने स्वतःच्या तोंडाने ड्रायव्हरचं नाव घेतलं, स्वतःच्या सहीने जबाब दिला, तो माणूस हे विचारत होता. मी ताट ठेवून उठलो.

आरोपी खोटं बोलतो ते सुटण्यासाठी. त्याला पुरावा दाखवला की तो थांबतो. लोक बोलतात ते करमत नाही म्हणून, आणि करमणुकीला पुरावा लागू पडत नाही. तेव्हा कुणाबद्दल काय फिरतंय हे थांबवणं पोलिसाच्या हातात नाही. ज्याच्या जोरावर ते फिरेल असा कागद लोकांच्या हातात न देणं तेवढं आहे, आणि तेवढं मी केलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक मीटिंगला मी ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याला टाळ्या पडल्या नाहीत.

माझ्या निवृत्तीला महिना उरला असताना ठाणे अंमलदार भाडेकरूचा एक फॉर्म घेऊन केबिनमध्ये आला. खोली आमच्याच हद्दीतली, दुसऱ्या गावातली. "साहेब, ही बाई फोटो द्यायला तयार नाही. फॉर्म परत पाठवू का?"

मी नाव वाचलं. मूळ गाव वाचलं, तेच लातूरकडचं. कंपनी नवी होती, मोबाइल नंबर नवा होता. फोटोच्या चौकोनात निळ्या पेनाने फुली मारलेली होती.

"शिक्का आण," मी म्हणालो, आणि त्या फुलीवर मारला.