काठी फिरवत बोलायचं

सुरतेला साड्यांच्या घड्या घालायचं काम करते मी. शेठनं नुसती हाक मारली तरी माझी छाती धडधडते. मग मनातल्या मनात काठी फिरवते. उजवीकडून डावीकडं, खांद्यावरून मागं. जरा वेळानं डोकं जागेवर येतं. हे मला आपांनी दिलं.

आपा म्हणजे देगलूरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. दुपारी मशीन बंद झाली, की मागच्या अंगणात आम्हा पोरींना लाठी शिकवायच्या. त्यांची रीत वेगळीच. काठी फिरवत काल काय जेवलो ते सांगायचं. अडखळलं, की पुन्हा पहिल्यापासून. "हाताला काम, डोक्याला बी काम," म्हणायच्या, "मग भ्याव घुसंल कुठून?"

यंदा सुट्टीत त्यांच्यासमोर बसून एकदा सांगायचं होतं, की आपा, तुमच्यामुळं मी परमुलखात टिकले.

दारातच आपांची सून म्हणाली, "ओळखणार न्हाईत हं. मलाच कधी बेटी म्हणतात, कधी कामवाली." डॉक्टरांनी आपांना काठी चालू ठेवायला सांगितलं होतं. खेळल्या त्या दिवशी झोप लागते, चिडचिड कमी होते. गेलेली आठवण मात्र परत यायची नाही, असंही सांगितलं होतं. मला राग आला, कुणाचा ते कळेना. इतक्या पोरींची डोकी शांत केली आपांनी, अन् त्यांचंच असं व्हावं?

आपांनी मला न्याहाळलं. "नवी हाय का गं?"

"हाव, आपा."

"धर मग. अशी नक्को! लाटणं हाय का ते?"

माझी बोटं त्यांनी सरळ केली, पहिला हात दाखवला. फिरवता फिरवता मी सांगितलं, काल भाकर, अंबाडीची भाजी. "तुमी काय खाल्लं, आपा?"

त्यांची काठी फिरतच राहिली, सुरेख. तोंड उघडं राहिलं. त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"खिचडी, अम्मी," ती हळूच म्हणाली.

"खिचडी," आपा हसल्या.

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली. नव्या पोरीनं उपकार मानायचे तरी कशाचे?

निघताना त्यांनी हात धरला. "लई लवकर शिकलीस. शाळेत जातीस ना?"

"हाव."

"कितवीत?"

"आठवीत," म्हटलं. तिथंच माझी शाळा सुटली होती.

"मग उद्या शाळेतून सरळ इकडंच ये. उशीर नक्को करू."

दुसऱ्या दिवशी नांदेडहून माझी सुरतेची गाडी होती. "येते, आपा," म्हणाले, अन् पदर तोंडाला लावून बाहेर पडले.