पाय रस्त्याला लागला तर

दोन हजार पाचचा उन्हाळा पुण्याला चांगलाच भाजत होता. हिंजवडीत काचेच्या इमारती उगवत होत्या, अन् वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. त्यामुळे कॉम्प्युटरच्या यूपीएसची दुरुस्ती करणाऱ्यांना बरे दिवस आले होते. कात्रजची आम्रपाली त्यांतलीच एक. उंचीनं बेताची. घरात तिच्या उंचीवर कुणी बोलत नसे, कारण बोललं की ती उत्तर देई.

दुकानाच्या मालकानं तिला घाटापलीकडचं, खेड-शिवापूरच्या कारखान्यांचं काम देऊ केलं होतं. जाताना मागं जड बॅटऱ्या बांधाव्या लागणार, म्हणून मोटारसायकलच हवी होती.

शोरूममधला विक्रेता तिला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "मॅडम, गाडी तुम्ही चालवणार, की गाडी तुम्हाला?"

"आधी मला बसू तर द्या," ती म्हणाली. एकेका गाडीवर बसून तिनं पाहिलं. एकीची सीट बुटकी होती, पण पुढं इतकी रुंद की मांड्या फाकून टाचा अधांतरी राहत. दुसरी थोडी उंच होती, पण टाकीपाशी निमुळती. तिच्यावर पाय सरळ खाली उतरला, चवडा टेकला. तिनं तीच घेतली. मग नाना पेठेत सीटवाल्याकडं नेऊन सीटच्या दोन्ही कडांचा फोम तासून घेतला.

गाडी वडिलांच्या, तात्यारावांच्या नावावर झाली. तात्याराव उंचपुरे गृहस्थ. पीएमटीत बस चालवून निवृत्त झालेले. लेकीनं काम करावं, हे त्यांना मान्य होतं. घाट मान्य नव्हता.

"बॅटऱ्यांपेक्षा मी जड आहे," ते म्हणाले. "मला मागं बसवून जुन्या घाटानं बोगद्यापर्यंत ने. वाटेत माझा पाय रस्त्याला लागला, तर समजायचं की गाडी तुझ्या हातची नाही. विकून टाकायची."

"आणि नाही लागला तर?"

"तर सोमवारी जा."

आई, सुंदराबाई, दारातून म्हणाली, "अहो, तिला पोहोचू तरी द्या घाटापर्यंत. आत्ताच कपाळाला आठ्या!"

सकाळी दोघं निघाली. घाटात ट्रक कण्हत चढत होते. मागं तात्याराव पाठीत काठी घातल्यासारखे ताठ बसले होते, अन् प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. आम्रपालीला ते जाणवत होतं. ती ट्रकांना वाट देत, शहरातल्या सवयीनं, अगदी डाव्या कडेनं चालली होती. हीच तिची चूक.

वळणावर पुढचा ट्रक गचका देऊन थांबला. तीही थांबली. उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून तिनं डावा खाली सोडला, तर खाली रस्ताच नव्हता. पावसाळी पाण्यानं कड खरवडून नेली होती. पाय हवेत लोंबला. गाडी डावीकडं कलू लागली, तशी तिनं अंग उजवीकडं टाकलं, क्लच सोडून गाडी पहिल्या गिअरमध्येच बंद पाडली, म्हणजे ती मागं सरकू नये. मग उजवा चवडा वरच्या डांबरावर रोवला. सगळा भार एका चवड्यावर. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला.

ट्रक हलला. तिनं पुढचा ब्रेक आवळून क्लच दाबला, बटण दाबलं. इंजिन फुरफुरलं, पण मागं भार जास्त, अन् पुढचं चाक खडीवर हातभर मागं घसरलं. त्याच क्षणी तात्यारावांचा लांब डावा पाय सपकन खाली गेला. चप्पल त्या खड्ड्यात रुतली अन् गाडी ओढली गेली तिकडंच, जिथं लेकीला टेकायला जमीन नव्हती.

"बाबा, पाय वर! वर घ्या म्हणते ना!"

असा आवाज त्या घरात आजवर बापावर कुणी चढवला नव्हता. तात्यारावांनी पाय उचलला. तिनं क्लच सोडला, ॲक्सिलरेटर पिळला. गाडीनं एक हिसका खाल्ला, अन् ती चढू लागली.

बोगदा जवळ येत होता. तिच्या डोळ्यांपुढं दुकानातलं तेच टेबल, तीच सोल्डरिंगची गन. गेलं शिवापूर. तिनं गाडी रस्त्याच्या मधल्या, उंच भागाकडून सावकाश सपाटीवर आणून उभी केली. तात्याराव उतरले. चपलेची माती दगडावर खरवडत राहिले.

"पाय लागला," ती म्हणाली. लपवण्यात तिला कमीपणा वाटत होता.

"मला माहीत आहे. माझाच होता."

ते बोगद्याच्या काळ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जन्मभर लोकांवर ओरडलो, गाडी थांबल्याशिवाय पाय खाली टाकू नका. तू सावरली होतीस गं. पाडत होतो मी."

तिनं मान खाली घालून गाडीचा आरसा पुसला.

"सोमवारचं जाणं ठरलं," ते म्हणाले. "पण कडेनं नको. मधून चालव. वाजवू दे मागच्यांना हॉर्न."

ती गाडीवर चढली, दोन्ही चवडे टेकून गाडी तोलून धरली. तात्याराव जवळ आले. नेहमीसारखी एकदम तंगडी टाकली नाही. खांद्याशी थांबून त्यांनी विचारलं, "बसू का?"

"थांबा," ती म्हणाली. तिनं पुढचा ब्रेक आवळला, पाय नीट रोवले. "हं. आता बसा."