चावीचे वीस फेरे

समाधान हा साधुजनांचा अलंकार होय, हे मान्य. परंतु जगातील कितीतरी सत्ये असमाधानी माणसांच्या येरझाऱ्यांतूनच हाती आली आहेत. पाऊणशे वेळा पडताळलेली गोष्ट ज्याला पुन्हा एकदा पडताळावीशी वाटते, त्याच्या शेजारी बसणे सुखाचे नसते. त्याच्या शब्दावर मात्र डोळे मिटून विसंबता येते. चंद्रकांतराव आठल्ये या जातीचे होते.

जन्म कोलकात्याचा, उभी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत. वडिलांच्या ग्रामोफोनवर बालपणी ऐकलेल्या एका अमेरिकन जॅझ गीताने त्यांना पछाडले, ते कायमचेच. घरात त्याला नाव लागत नसे; ‘ते गाणे’ म्हटले की पुरे. त्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणांची वही त्यांनी चाळीस वर्षे ठेवली: कोणी वाजवले, कोठे, कोणत्या साली, कोणत्या लयीत. न्यूयॉर्कच्या नृत्यवृंदाने ते प्रथम द्रुत लयीत मुद्रित केले, लंडनने तसेच उचलले, आणि महायुद्धानंतर सॅक्सोफोनवादकांनी लय निम्म्यावर आणून त्यात करुण रस ओतला, हा सर्वमान्य इतिहास. चंद्रकांतरावांना तो मान्य नव्हता. कोलकात्यातील एका हॉटेलच्या वृंदाने १९३६ सालीच ते विलंबित वाजवले होते. वडिलांची तबकडी तीच. तो विलाप त्यांच्या कानात होता. पुरावा मात्र नव्हता, कारण वयाच्या दहाव्या वर्षी ती तबकडी त्यांच्याच गुडघ्याखाली फुटली होती.

परदेशातील सूचीकारांच्या मंडळाने अखेर लिहिले: महिनाभरात मुद्रण ऐकवा, अन्यथा विलंबित लयीचा पहिला मान कोलकात्याला देता येणार नाही.

चार दिवस उरले असता खिदिरपूरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, मोडक्या शिवणयंत्राखाली, त्याच वृंदाची तीच तबकडी सापडली. काठाला तडा होता. घरच्या जड सुईखाली तो वाढेल या भयाने त्यांनी ती वाजवली नाही. डमडमला भाचा अमेय याच्याकडे नेमक्या वेगाचे नवे यंत्र होते. सियालदहच्या गाडीत जागा मिळूनही ते उभेच राहिले, तबकडी छातीशी धरून, दर धक्क्याला हात बदलत.

“मामा, बसा तरी. चहा घ्या,” अमेय म्हणाला.

“चहा पळून जात नाही. सुई ठेव.”

सुई टेकली. तड्याची टकटक ऐकू आली, आणि तिच्यामागून गाणे आले ते नाचतच. चंद्रकांतराव खिडकीपाशी गेले, परत आले.

“वेग चुकलाय.”

“मिनिटाला अठ्ठ्याहत्तरच आहे, मामा. मोजून लावलाय.”

“पुन्हा लाव.”

तीनदा लावले. आतल्या खोलीतून त्यांची थोरली बहीण शकुन काठी टेकीत आली. “चंदू, हे आपलंच गाणं ना रे? एवढं कशाला पळतंय?”

“अक्का, आपल्या घरी हे रडत होतं की नाही?”

“रडेल नाही तर काय! आई ग्रामोफोनला चावीचे वीसच फेरे द्यायची. एकविसावा दिला तर स्प्रिंग तुटेल म्हणे. आपल्याकडे भूपाळीसुद्धा पेंगत व्हायची. बाबा म्हणायचे, ‘ह्या घरात देवही उशिरा उठतो.’”

अमेय हसला, आणि मामांचा चेहरा पाहून थांबला. ते पुन्हा येरझाऱ्या घालू लागले होते.

“ह्याला मात्र चाळीस फेरे कोणी दिले, देव जाणे,” अक्का पुटपुटली.

थोड्या वेळाने अमेय हळूच म्हणाला, “मामा, कॉपी करताना वेग उतरवू? कोणाला कळणार आहे? कोलकात्याचं नाव राहील.”

मोह लहान नव्हता. ज्या विलापासाठी चाळीस वर्षे वेचली, तो कोणत्याही वृंदाने वाजवलाच नव्हता. तो आईच्या भित्र्या मनगटातून आला होता. वेग उतरवला की तोच पुन्हा, जसाच्या तसा, ऐकू येणार होता. चंद्रकांतराव यंत्रापर्यंत गेले. वेगाच्या खुंटीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग बोट उचलले.

“आहे तसं पाठव. आणि पेन दे.”

गेल्या पौषात चंद्रकांतराव गेले. वही डमडमला, अमेयच्या कपाटात आहे. तिसऱ्या नोंदीत ‘विलंबित’ खोडून ‘द्रुत’ लिहिले आहे, आणि खाली बारीक अक्षरात: ‘आमच्या घरी चावी अपुरी असे.’ शेजारी तबकडी आहे. ती अजून वाजते.