नवे गुडघे घेऊन मानवतला

नोव्हेंबरात कॅनडातल्या आमच्या कॅलगरीत पहिला मोठा बर्फ पडला, त्याच आठवड्यात आमच्या निखिलने जेवणाच्या टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक आणून ठेवलं. हिरवळ, मेपलची झाडं, मधोमध तळं. मला वाटलं पोरगं आम्हाला कुठे सहलीला पाठवतंय. चष्मा लावून बघते तर दफनभूमी!

"आई, इथे सगळे आधीच जागा घेऊन ठेवतात. नंतर धावपळ नको."

पोरगं काही वावगं बोललं नव्हतं. आमच्या ज्येष्ठ मंडळात दर शनिवारी हेच चालतं. शुगर, बर्फावर घसरणं, मृत्युपत्र, आणि हल्ली जागा. कुणाला तळ्याकाठची मिळाली, कुणाला पार्किंगजवळची, यावरून रुसवेफुगवेही होतात. पण माझी अडचण वेगळी होती. आम्ही वीरशैव लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत आणि आडवाही करत नाहीत. बसवतात. मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, भस्म आणि बेल वाहून. मी त्या दफनभूमीच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारलं, बसवता येईल का? तिथली बाई फार सज्जन. तिने नियम दोनदा वाचून दाखवले. पेटीतच ठेवायचं आणि पेटीत आडवंच.

बरं, मग मानवत. माझं माहेर, परभणी जिल्ह्यातलं कापसाच्या आणि धान्याच्या व्यापाराचं गाव. सासरी आता ना घर उरलंय ना शेत. तिथे आमच्या शेतात आजोबा, वडील, आई, दादा सगळे बसलेले आहेत. पण माझे दोन्ही गुडघे बदललेले. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की जमिनीवर बसायचं नाही, मांडी तर नाहीच नाही. म्हणजे इथे बसवत नाहीत आणि तिथे मला बसता येत नाही. धड इकडची नाही, धड तिकडची नाही! हसू नका. रात्री उशीवर डोकं टेकलं की हाच प्रश्न छातीवर येऊन बसायचा. आपल्या माणसांच्या रांगेत आपल्याला जागा आहे की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

आमचे हे, म्हणजे मन्मथराव, या बाबतीत अगदी निर्लेप. त्यांचे गुडघे अस्सल, जन्माचे. रोज सकाळी पद्मासन घालून बसतात आणि वर माझ्याकडे बघून "अहाहा" म्हणतात. "मेल्यावर काय कळतंय? मला कुठंही आडवं करा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मानवतच्या वहिनीला फोन करून "मला बसवाल ना?" असं विचारणं मला जमेना. असले प्रश्न समोर बसूनच विचारायचे असतात. म्हणून जानेवारीची तिकिटं काढली.

आमच्या वयाच्या वाचकांसाठी आधी कामाचं सांगते. विमानतळावर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, लाजू नका. गुडघ्यांचं डॉक्टरांचं पत्र हातातल्या पिशवीत असू द्या, कारण तपासणीच्या त्या चौकटीतून जाताना आम्ही भांड्यांच्या दुकानासारखे वाजतो. गोळ्या परतीच्या दिवसापेक्षा जास्त घ्या. आणि भारतातला जुना मोबाइल नंबर बंद पडला असेल तर रोख पैसे जवळ ठेवाच. परभणीत भजीवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळे म्हणतात, "स्कॅन करा की." आमचा ओटीपी मात्र कॅलगरीच्या घरात, ड्रॉवरमधल्या फोनवर पडलेला.

हैदराबादला उतरून एक दिवस आराम केला आणि रेल्वेने परभणी गाठली. हॉटेल ठरवताना मी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. लिफ्ट आहे का, कमोड आहे का, अंघोळीला बसायला स्टूल मिळेल का. स्टूल म्हटल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "मावशी, तुमी या तर खरं. खुर्चीच टाकतो." आणि खरंच, बाथरूममध्ये लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून ठेवली होती. गाडी चार दिवसांसाठी ठरवली, दिवसाला तीन हजार, डिझेलसकट. चालक अन्वरभाई, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बोलण्यात दख्खनी गोडवा आणि गाडी अशी जपून चालवायचे की खड्डा आला की आधी "संभालून हं" म्हणून सूचना.

पहिल्या दिवशी चारठाणा, जुन्या देवळांचं आणि उंच दगडी स्तंभाचं गाव. जिंतूरच्या पुढे, परभणीहून पावणेदोन-दोन तास धरा. वाटेत न्याहारीला सुशीला खाल्ली, म्हणजे मुरमुऱ्यांचा आमच्याकडचा प्रकार, वर शेंगदाणे आणि लिंबू. दोन प्लेटी आणि चहा मिळून शंभराच्या आत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, हुरड्याला आलेली ज्वारी आणि हरभऱ्याचा आंबट वास. मी काच खाली करून नुसती हुंगत होते.

चारठाण्याला मी लहानपणी आले असणार, पण काही आठवत नव्हतं. आता त्या उंच कोरीव दगडी स्तंभाखाली उभी राहिले आणि मान वर करता करता तोल गेला. अन्वरभाईंनी धरलं.

"कवापासून उभा हाय हो हा?" मी नकळत माहेरच्या बोलीत विचारलं.

"कोनाला म्हाईत, मावशी! माझे दादाजान म्हनायचे, त्यांच्या दादांनी बी असाच बघितला."

कॅलगरीत शंभर वर्षांच्या इमारतीला पितळेची पाटी लावतात, दोरी बांधतात. इथे गावभर कोरीव दगड विखुरलेले. एका घराच्या भिंतीत नर्तकीचा पाय, दुसऱ्याच्या पायरीला कमळ. एक बाई तसल्याच कोरीव दगडावर बसून तूर पाखडत होती. मी देवळाच्या उंच जोत्यावर टेकले, कारण जोतं हेच माझं आसन, पाय खाली सोडता येतात. दगड उन्हाने कोमट झाला होता. कुणी घडवला, कुणी उचलून आणला, किती जण इथे टेकून गेले असतील, या विचाराने अंगावर काटा आला. देवळात हात जोडायला मी विसरलेच, शेवटी ह्यांनी आठवण केली.

दुसऱ्या दिवशी पोखर्णीचा नृसिंह. परभणीहून जवळ आहे, सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी. पण गुडघेवाल्यांनो, ऐका. गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं आहे की बसून, अंग चोरून आत सरकावं लागतं. आमचे हे खाली बसले आणि उंदराच्या चपळाईने आत गेले. मी दाराशी उभी. मागची बाई म्हणाली, "आजी, बसा की खाली. सरकत जायाचं असतंय."

"बसता येत नाही हो."

"मग राहू द्या. देव काय पळून चाललाय? हितूनच हात जोडा."

तिने चांगल्या मनानेच म्हटलं होतं. पण मी रांगेतून बाजूला झाले. देवाच्या दारात वाकता येत नाही, मातीत बसता येणार नाही, मग एवढा लांब प्रवास कशासाठी केला? हे बाहेर आले ते कपाळाला बुक्का लावून, एकदम प्रसन्न. म्हणाले, "लय भारी वाटलं!" मी परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोलले नाही. अन्वरभाईंनी आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ बंद केला.

तिसऱ्या दिवशी मानवत. मोंढ्याच्या, म्हणजे बाजार समितीच्या वाटेवर कापसाने फुगलेल्या गाड्यांची रांग लागली होती, रस्त्यात पांढरे पुंजके उडत होते. ह्यांना ते बर्फासारखे वाटले, मला नाही वाटले. माझा दादा जाऊन काही वर्षं झाली. आता दुकान पुतण्या बघतो आणि घर शांतावहिनी. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाज अजून तस्साच, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाणारा.

"या ताई! दाजी, या! किती वाळलात वं, तिकडं काय खायला देत न्हाईत का?"

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आणि टेबल-खुर्ची! मी बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "आता कोन बसायलंय खाली? आमच्या लग्नात बी मागं खुर्च्यांची एक पंगत असतीच." मला तेवढ्याने धीर आला. आमटीचा दुसरा भुरका घेतला आणि विचारूनच टाकलं.

"वहिनी, माझी मांडी होत नाही. मी गेले तर मला कसं बसवाल?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यांकडे, आणि अशा हसत सुटल्या की ठसका लागला. ह्यांनी पाणी दिलं.

"ह्याच्यापायी आलात व्हय इतक्या लांबून? उठा. जेवन झालं की शेतात जाऊ."

शेत गावाबाहेर, पाथरीच्या रस्त्याला. कडेला कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली आमच्या माणसांच्या समाध्या, छोटे दगडी चौथरे. आईच्या चौथऱ्यावर बेलाची सुकलेली पानं होती. आई गेली तेव्हा माझा दुसरा गुडघा नुकताच बदललेला होता, टाकेही निघाले नव्हते. मी सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, तेही माणसांच्या पाठीच जास्त. खड्ड्यात काय केलं ते कधी कळलंच नव्हतं.

वहिनी आपल्या सासूच्या, म्हणजे माझ्या आईच्या चौथऱ्याला हात टेकून उभ्या राहिल्या.

"आत्याबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यालं. शेवटची दोन वर्षं त्यांना तरी कुठं मांडी येत व्हती? सांजच्याला ओट्याच्या कडंला बसायच्या, पाय खाली सोडून. कापसाच्या गाड्या मोजीत."

"मग?"

"मग काय! मठातल्या स्वामींना इचारलं. ते म्हनले, जशी बसत व्हती तशी बसवा. मेलेल्या मान्साला तरास कशाला? तुमचे दादा आत उतरले आन् मातीतच ओटा धरला. ह्या इथं. त्यावर आत्याबाईंना बसवलं, पाय खाली सोडले. तळहातावर लिंग दिलं. तोंड रस्त्याकडं. अगदी रोजच्यासारख्या दिसायल्या, ताई. मला वाटलं, आता चहा मागतील."

पायाखालच्या त्या काळ्या मातीकडे बघत राहिले. चारठाण्याचा तो स्तंभ बघताना डोळे विस्फारले होते, पण हे त्याहून मोठं होतं. माझ्या दादाने, दुकानात दिवसभर किलो-क्विंटल करणाऱ्या माणसाने, आईच्या न दुमडणाऱ्या पायांसाठी जमिनीच्या आत ओटा केला होता. मला वाटत होतं रीत म्हणजे पोखर्णीच्या दारासारखी, मावलात तर मावलात. आणि इथे तर रीतच आईपुढे वाकली होती. मी चौथऱ्याच्या कडेला टेकले, पाय सोडले आणि पोटभर रडले. वहिनी शेजारी बसल्या, त्यांनीही पाय सोडले.

"तुमाला बी तसंच करू," त्या म्हणाल्या. "पन इतक्यात न्हाई बरं! औंदाचा हुरडा खाऊन जा."

हे मात्र या सगळ्यात कुठेच नव्हते. बांधावरून तूर बघत हिंडत होते, जणू काय घ्यायचीच आहे. मनात म्हटलं, या माणसाला कशाचं काही नाही. हुरडा भाजला, गुळाबरोबर खाल्ला. निघताना मी गाडीत बसून पट्टा लावत होते तेव्हा हे वहिनींशी दोन मिनिटं बोलत उभे होते. मला वाटलं तुरीचा भाव विचारत असतील.

आता कॅलगरीत परत येऊन तीन आठवडे झाले. निखिलला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "पण आई, तिथे तुला भेटायला कोण येणार?" खरा प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याचं गोड उत्तर नाही. नातवंडं मानवतला फारशी जाणार नाहीत, मला ठाऊक आहे. त्याला म्हटलं, भेटायचं ते आत्ता भेटून घ्या, मी रोज घरीच असते. तेव्हापासून तो जरा जास्त वेळा चहाला येतो. कामाचं आणखी एक: पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च तुमच्या विम्यात आहे का, ते आत्ताच बघून ठेवा. आमच्या विम्यात नव्हता, आता घेतला. विमा कंपनीतल्या मुलाला वाटलं आम्ही आजारी आहोत. त्याला सांगितलं, नाही बाळा, आम्ही मजेत आहोत.

काल रविवारी वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "दाजींना सांगा, लिंबाखालची जागा पोरानं मोजून ठिवली. दोघांचा ओटा बसतोय."

"दोघांचा?"

"तुमाला बोलले न्हाईत व्हय? निघताना म्हनले की, ओटा लांब धरा, दोघांपुरता. मी म्हनलं, दाजी, तुमची तर मांडी होती की झ्याक. तर म्हनले, ती पाय सोडून बसल्यावर मी एकटा मांडी घालून काय करू?"

फोन तसाच टेबलावर ठेवून मी खिडकीशी गेले. हे बाहेर फावड्याने दारातला बर्फ काढत होते, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. मी काचेवर टकटक केली. त्यांनी वर बघितलं आणि मानेनेच विचारलं, काय? चहा झालाय, अशी मी हातानेच खूण केली.