फ्रिजमधली सुई

दवाखान्यातले जुने केसपेपर आम्ही दर तीन वर्षांनी रद्दीत घालतो. किस्से मात्र रद्दीवालाही नेत नाही, ते साचतच जातात. बावीस वर्षं मी डॉक्टर देशमान्यांकडे सिस्टर आहे आणि आता अशी वेळ आलीय, की कुणाच्या लग्नाला गेले तरी बायका मला पंगतीत मधोमध बसवतात आणि म्हणतात, "शोभा, सांग की गं एखादा." मग मी सांगते. नावं तेवढी बदलते, तीच आमची वैद्यकीय गुप्तता.

दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात. चहूबाजूंनी टॉवेलचे माग, दिवसभर खटखट. त्यामुळं कुणाची छाती नीट ऐकायची तर डॉक्टरांना लाइट जायची वाट बघावी लागते. लाइट गेली की सगळा भाग बोर्डाच्या नावानं बोटं मोडतो आणि आमचे डॉक्टर स्टेथोस्कोप कानाला लावून बाहेर येतात, "चला, कोण कोण खोकत होतं?"

डॉक्टरांच्यात दोष एकच. ते समजावून सांगतात. साध्या सर्दीतापाला सुई लागत नाही, शरीर आपलं आपण लढतं, फार तर तापाची गोळी घ्या, पाणी प्या, झोपा. सुई घ्यायची ती दुखणं यायच्या आधी, म्हणजे लस. ती मात्र बरं असताना येऊन घ्या. हे ऐकून आमच्या भागानं त्यांच्याबद्दल एक मत करून ठेवलंय. माणूस हुशार आहे, पण उलटा आहे. आजाऱ्याला सुई देत नाही आणि धडधाकट माणसाला 'या' म्हणतो!

* * *

सिद्राम हा मागांची दुरुस्ती करणारा, म्हणजे जॉबर. दोन दिवस ताप होता आणि त्याला सुई हवी होती. डॉक्टरांनी त्याला त्याच्याच भाषेत समजवायचं ठरवलं. मागावर दोरा तुटला की माग थांबतो. थांबला म्हणजे बिघडला का? सिद्राम म्हणाला, बिघडला नाही, तुटलेलं कळावं म्हणून थांबला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, ताप तसाच. जंतू घुसल्याचं शरीराला कळलंय, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कामाला लागल्यात, त्यांना त्यांचं काम करू दे.

सिद्रामनं सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "पन डॉक्टर, माग थांबल्यावर दोरा मी जोडतो. त्यो आपोआप जुळला असता, तर शेटनं मला ठिवलं असतं का?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

सिद्राम उठला, चप्पल घातली आणि दारातून वळून म्हणाला, "आन् आतली मानसंच जर समदं करनार, तर तुमी हितं कशाला बसलाय?"

मी भिंतीकडं तोंड करून कापूस मोजायला लागले. दोन दिवसांनी सिद्राम बरा होऊन कामावर गेला. त्याचं श्रेय त्यानं कोपऱ्यावरच्या टपरीतल्या आल्याच्या चहाला दिलं.

* * *

करोनानंतर आमच्याकडं एक नवीनच दुखणं आलं, त्याचं नाव इम्युनिटी. ज्याला त्याला ती वाढवायची असते. रफिकभाई रिक्षावाले तर दिवसातून चार वेळा काढा प्यायचे. त्यात मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग आणि मोबाइलवर ज्या दिवशी जे येईल ते. महिन्याभरानं पोट धरून आले. भाकरीचा घास उतरेना, छातीत जळजळ.

डॉक्टरांनी तपासलं, काढा बंद करायला सांगितलं. ते बोलत असतानाच रफिकभाईंना सात शिंका आल्या. मागांच्या भागात रिक्षा चालवायची म्हणजे सुताची धूळ नाकात जाणारच. डॉक्टरांना समजावून सांगायची आणखी एक संधी मिळाली. म्हणाले, ही अॅलर्जी. शरीर साध्या धुळीलाही शत्रू समजून लढायला उठतं. प्रतिकारशक्ती नको तिथं जास्त धावते म्हणून शिंका येतात.

रफिकभाईंनी तेवढंच पकडलं. चेहरा उजळला, पोटावरचा हात निघाला. "मतलब मेरी जास्तीच हो गई?"

"एका अर्थानं, हो."

"तो डॉक्टरसाब, थोडी कम करने की गोली देव. जो निकलेगी वो मेरे साले को दे डालता. उसकू बिल्कुल नई है."

गोळी शिंकांची मिळाली. पण त्या दिवसापासून रिक्षा स्टँडवर रफिकभाई शिंकले की आधी चौफेर बघतात आणि मग ऐटीत नाक पुसतात.

* * *

आता नरसम्मा. हिच्याशिवाय आमच्या दवाखान्याचं पान हलत नाही. वय सत्तरीच्या आसपास, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, जन्मभर विड्या वळल्या. अकरा वर्षं ती आमच्या बाकावर येऊन बसतेय आणि अकरा वर्षं तिची एकच मागणी. सुई. गुडघा दुखला, सुई. झोप लागली नाही, सुई. सून उलट बोलली, तरी सुई. एकदा तर ती डॉक्टरांना म्हणाली, "पान्याची दे, पन दे."

डॉक्टर तिला अम्मा म्हणतात. दर वेळी सांगतात, "अम्मा, तुमच्या वयाला फ्लूची लस घ्यायला हवी. बरं वाटेल त्या दिवशी या, नक्की देतो."

"बरं वाटल्यावर कशाला येऊ? मी काय येडी हाय?"

तपासायच्या खोलीत एक छोटा फ्रिज आहे. त्यात फक्त लसी असतात. नरसम्माची पक्की समजूत, की चांगल्या सुया डॉक्टर त्यात लपवून ठेवतात. तसं ती आख्ख्या गल्लीला सांगते.

एकदा तिला छातीत कफ झाला, तो खरंच औषध लागेल असा. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, रोज एक. आणि दहादा बजावलं, बरं वाटलं तरी मध्ये सोडायच्या नाहीत, पाच दिवसांचा कोर्स पूर्ण झालाच पाहिजे. आठवड्यानं ती परत आली, खोकला होता तसाच. डॉक्टरांनी विचारलं, कोर्स पूर्ण केला का? नरसम्मा दुखावलीच. केला म्हणजे काय! पहिल्या दिवशी तिनं घेतली, दुसऱ्या दिवशी मुलानं, तिसऱ्या दिवशी सुनेनं, मग दोन्ही नातवंडांनी.

"धा येळा सांगितलं न्हवं तुमी? पाच दिस, पाच मानसं. एक बी गोळी वाया घालवली न्हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग पुन्हा पाच गोळ्या लिहून दिल्या आणि त्या रोज सकाळी माझ्यासमोर येऊन गिळायच्या, असा हुकूम सोडला. तिचा खोकला गेला. माझ्या डोक्याला मात्र पाच दिवस ताप झाला.

* * *

मग गेल्या वर्षी समोर नवा दवाखाना उघडला. तरुण डॉक्टर, काचेचं दार, दोन कॉट आणि दोन्ही कॉटांवर कायम सलाइन. तिकडं कुणी काही समजावून सांगत नाही. शिंक आली, सुई. दोन शिंका आल्या, सलाइन. लोक हाताला चिकटपट्टी मिरवत बाहेर पडायचे.

आमचं बाकडं रिकामं व्हायला लागलं. सिद्राम तिकडं गेला, रफिकभाई तिकडं गेले. नरसम्मा तर उद्घाटनाच्या दिवशीच गेली. पण तिकडं बाकावर पंखा नाही. म्हणून सलाइन घ्यायची समोर आणि वारा खायला यायचं आमच्याकडं! वर डॉक्टरांना हात दाखवून विचारायची, "नीट लावलंय न्हवं?" आणि आमचे डॉक्टरही बघून सांगायचे, की नीट लावलंय.

खोटं कशाला बोलू, मीसुद्धा गेले होते. श्रावणात मला ताप भरला, घरी मुलीची परीक्षा, अंथरुणाला पाठ लावायला वेळ नव्हता. बावीस वर्षं जे ऐकलं ते सगळं विसरून मी मागच्या गल्लीनं वळसा घालून समोर गेले आणि सुई घेऊन आले. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हात वर करून डबा काढताना जोरात कळ आली. डॉक्टरांनी बघितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"शेका जरा. तीन दिवसांत ताप उतरेल. तसाही उतरला असता."

बस, एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली, की मी दिवसभर त्यांच्याकडं बघू शकले नाही.

दसऱ्याला डॉक्टरांनी मला एक कागद दाखवला. स्वतःच्या हातानं लिहिलेली नोटीस होती, दिवाळीपासून दवाखाना कायमचा बंद. मुलगा पुण्याला बोलावत होता, आणि दिवसाला चार माणसं येत असतील तर कुणासाठी बसायचं? कागद त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, धनत्रयोदशीला दारावर चिकटवा. मी मान डोलावली आणि आत जाऊन रडले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडं कोण घेणार, हे एक. आणि दुसरं म्हणजे, हा माणूस हरतोय हे मला बघवत नव्हतं.

* * *

धनत्रयोदशीला दोन दिवस होते. दुपारची वेळ, बाकावर एकटी नरसम्मा पंख्याखाली डुलक्या घेत होती. दार ढकलून समोरचे डॉक्टर आत आले. कडेवर पाच वर्षांची मुलगी. मला वाटलं भांडायला आले. पण ते चप्पल बाहेर काढून उभे राहिले, आमच्या डॉक्टरांना सर म्हणाले, आणि खाली बघत सांगितलं, की शाळेनं मुलीचं लसीकरणाचं कार्ड मागितलंय आणि पाचव्या वर्षाचा डोस राहिलाय.

"मग तुमच्याकडं..." आमचे डॉक्टर म्हणाले.

"ती रडते सर. तिला सुई द्यायला माझा हात होत नाही."

आख्ख्या पूर्व भागाला टोचणारा माणूस हे बोलत होता. मी ओठ चावून उभी राहिले. आमचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोरीला खोकला नाही, ताप नाही, हे नीट बघितलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, फ्रिज उघडा."

फ्रिजचं दार वाजलं आणि बाकावरची नरसम्मा जागी झाली. तिनं पडद्याच्या फटीतून सगळं पाहिलं. फ्रिज उघडला, सुई निघाली, पोरीच्या दंडात गेली. पोरगी जेमतेम एकदा किंचाळली. तिचे वडील तोवर बाहेर रस्त्यावर जाऊन कानावर हात ठेवून उभे होते.

नरसम्मा काही बोलली नाही. नुसती उठली आणि पदर खोचून निघाली. अकरा वर्षांत ती बोलल्याशिवाय गेल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला आले तर दारात ही रांग! सिद्राम होता, रफिकभाई होते, समोर सलाइन लावून घेणारे निम्मेअधिक लोक होते. मी रफिकभाईंना बाजूला घेऊन विचारलं, काय झालंय? ते कानाशी येऊन म्हणाले, की अस्सल माल इथंच आहे हे आता सगळ्यांना कळलंय. समोरचा डॉक्टर स्वतःच्या पोरीसाठी इथं येतो. फ्रिजमधली सुई मिळते, फक्त त्याला वशिला लागतो.

नंबर लिहायला कागद सापडेना. ड्रॉवरमधली नोटीस काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहायला बसले.

पहिला नंबर नरसम्माचा. ती आत गेली आणि तिनं कमरेची पिशवी सोडून एक चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. वर नगरसेवकाचा शिक्का. खाली लिहिलेलं, 'सदर महिला आमच्या प्रभागातील असून तिला आपल्या फ्रिजमधील एक सुई द्यावी, ही विनंती.'

डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग नेहमीसारखं विचारलं, "आज काय होतंय, अम्मा?"

नरसम्मा गोंधळली. वशिल्याच्या धावपळीत दुखणं आणायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तिनं गुडघा दाबून बघितला, कपाळाला हात लावला, एकदा खोकून पाहिलं. मग हिरमुसून म्हणाली, "आज काय बी न्हाय."

"खरं सांगा."

"देवाशप्पत. येकदम बरी हाय."

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतःच फ्रिज उघडला.