आईच्या बागेचा कठडा

मस्तगडातल्या आमच्या घरासमोर बापूजींनी आईसाठी बाग केली. आईला दमा होता. दिवसभर आतल्या खोलीत राहून तिचा जीव घुसमटे, म्हणून वैद्यांनी रोज तासभर मोकळ्या हवेत बसायला सांगितलं होतं. पण आम्ही राजस्थानातून येऊन इथं रुजलेलं घराणं, आजोबा हयात होते, आणि घरची सून उंबऱ्याबाहेर घुंगटाशिवाय दिसत नसे. म्हणून दारापुढंच कमरेइतका उंच चौथरा बांधला, वडीगोद्रीकडच्या शेतातून गाड्या भरून काळी माती आणून टाकली. राहिला तो फक्त कठडा. तो मी निवडतो म्हणालो, आणि त्या निवडीची लाज अजून माझ्या मानेवर बसलेली आहे.

मी नुकताच हैदराबादेत शिकून आलो होतो. अंगात शहाणपण मावत नव्हतं. तिकडच्या बंगल्यांना सिमेंटचे कठडे पाहिले होते, लाटण्यासारखे गोल खांब ओळीनं उभे. तसलं काही आमच्या गल्लीत कुणाकडं नव्हतं, हेच मला त्यात सर्वात आवडलं होतं. वर मी टिकाऊपणाचा आव आणला. सागवान वाळवी खाईल, लोखंड गंजेल, असं बापूजींना पटवलं. मिस्त्रीकडून साच्यात एक खांब ओतून घेतला, आठ दिवस हौदात बुडवून ठेवला, मग त्यावर सरकीचं पोतं आदळून पाहिलं. खांबाला ओरखडा नाही. मी जग जिंकलं.

मिस्त्री म्हातारा, अंबडकडचा. एके दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "छोटे शेठ, माय दाराआडून सांगून राह्यल्या. छातीइतका भरीव कठडा पाह्यजे म्हणतात. दगडाचा करू, बिलकुल हालणार न्हाई."

"आईला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. "भिंतच घालायची तर बाग कशाला?"

हे मी हसत बोललो. ती भिंत का मागतेय, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. लाज वाटते म्हणतो ती याची.

कठडा उभा राहिला. लोक थांबून पाहत, खांबांवरून हात फिरवत. मी नाक वर करून उभा. संध्याकाळी आईला आग्रहानं बाहेर आणून मोगऱ्याजवळ बसवलं. समोरच्या दुकानांचे ओटे आमच्या चौथऱ्याच्याच उंचीचे, आणि खांबांच्या फटींतून सगळं आरपार दिसे. गिऱ्हाइकं, हमाल, शेटजी, सगळे इकडं तोंड करून बसलेले. आईनं घुंगट हनुवटीखाली ओढला आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. थोड्या वेळानं त्या कापडाच्या आत तिला खोकल्याची ढास लागली. ती उठून आत गेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री सामान न्यायला आला. खांबांमधल्या फटींकडं बोट करून म्हणाला, "आतून विटाची भिंत घेऊ का? दोन दिसाचं काम हाय. माय निवांत बसतील."

चूक सुधारायची संधी त्यानं माझ्या हातात ठेवली होती. मी खांबांकडं पाहिलं. विटा लावल्या तर ते आतून दिसणार नव्हते, आणि फटीही बुजणार होत्या. आपलाच कठडा आपणच बुजवला म्हणून कालपर्यंत वाहवा करणारी गल्ली आज हसेल, हेच माझ्या मनात आलं.

"नको," मी म्हणालो. "तोंड झाकून बसायची तिला सवय आहे."

मिस्त्री माझ्या खांद्यावरून मागं पाहत होता. मी वळलो. आई घुंगट ओढून, पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. माझ्याशी ती नेहमी मारवाडीत बोले. आता मात्र मिस्त्रीला समजावं म्हणून मराठीत बोलली.

"त्याचं बराबर हाय, मिस्त्री. सवय हाय मला. तुम्ही जा आता, उगी ऊन होईल."