ओल पाहिल्याशिवाय सही नाही

शिंत्रे साहेबांच्या पंचाहत्तरीसाठी लिहायला बसले खरी, पण मन स्वस्थ नाही. लव्हाळीच्या रानात होऊ घातलेल्या वसाहतीची सुनावणी अजून व्हायची आहे. गौरवाचे चार शब्द लिहिताना लक्ष तिकडेच जाते. साहेबांचेही तिकडेच असणार.

नगररचना कार्यालयात मी आरेखक म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात साहेबांबरोबर स्थळपाहणीला गेले. जेवणाच्या वेळी सगळे जीपकडे वळले. साहेबांनी मात्र प्लॉटच्या मधोमध मांडी घालून डबा उघडला आणि आम्हालाही बसवले. साडी खराब होऊ नये म्हणून मी वर्तमानपत्र अंथरले, तर म्हणाले, “बाई, कागद काढा. खालची ओल कळायला पाहिजे.” मला राग आला होता. उठले तेव्हा साडी भिजलेली होती आणि साहेबांनी तिथे खड्डे घेऊन तपासणी करायला सांगितले. पुढे नोकरीभर हीच रीत. ज्या जागेवर बसून जेवता येत नाही, तिथे दुसऱ्याला राहायला सांगायचे नाही.

त्यांचा चांगुलपणाही असाच कोरडा. माझ्या आईच्या आजारपणात माझे नकाशे त्यांनी स्वतः पूर्ण केले. मी परतल्यावर मात्र माझ्या जुन्या नकाशांतल्या चुकाच आधी दाखवल्या. आभार मानायची सोय ठेवली नाही.

लव्हाळीचे रान कळंब्याच्या पुढे, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साठते, बगळे उतरतात. उन्हाळ्यात ट्रॅक्टर फिरतो. तिथे घरे बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ग्रामपंचायतीने तपासणी समिती नेमली आणि निवृत्त साहेबांना अध्यक्ष केले. समितीत मीही आहे. त्या रानात आपल्या धाकट्या भावाची, बापूंची जमीन आहे, हे साहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितले आणि दुसरा माणूस बघा म्हणाले. गावाने ऐकले नाही.

पाहणी उन्हाळ्यात झाली. जमीन खडखडीत होती. सगळे सही करायला तयार होते. साहेब म्हणाले, श्रावणात पुन्हा येऊ. बापू तिथेच उसळले. “दादा, तुमाला पेन्शन हाय. माझ्या पोरांनी काय लव्हाळं खायाचं व्हय?”

“तुझं खोटं न्हाय, बापू,” साहेब म्हणाले. “पण हितं राहायला येतील त्यांनाबी पोरं असतीलच की.”

श्रावणात आम्ही डबे घेऊन गेलो. बसायला कोरडी जागा मिळेना. उभ्यानेच भाकरी खाल्ली. बिल्डरचा माणूस हसत म्हणाला, “भराव पडू द्या साहेब, मग निवांत बसा.” साहेबांनी विचारले, “आन हे पाणी कुठं जाणार?” समोर खालच्या गल्लीतली घरे दिसत होती.

त्या दिवसापासून बापूंनी भावाच्या घरी येणे सोडले. साहेबांनी मग त्यांना निरोप धाडला: माळावरचे माझ्या वाट्याचे रान तू घे, खालचे मला दे. मला हे पटले नाही आणि तसे मी तोंडावर सांगितले. साहेबांच्या पत्नीला, आमच्या वहिनींनाही विचारले. त्या म्हणाल्या, “मी म्हटलं, खालचं रान घिऊन बगळं पाळणार हाय काय? तर व्हय म्हणाले. आता काय बोलायचं?” वहिनी हसत होत्या, पण सातबारा काढून आणायला त्यांनीच मुलाला पाठवले होते.

बापूंचे उत्तर अजून आलेले नाही. या समारंभाची पत्रिका द्यायला साहेब स्वतः गेले. ती बापूंनी घेतली, चहाही दिला, पण येतो म्हणाले नाहीत. सुनावणीसाठीच्या अहवालात साहेब काय लिहिणार, हे बापूंना ठाऊक आहे. आम्हालाही आहे. तेव्हा साहेबांच्या स्नेह्यांनो, हार घेऊन येताच आहात, तर सुनावणीलाही या आणि त्यांच्या शेजारी उभे राहा.

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. येत्या पावसाळ्यात त्यांचे पाय भिजावेत ते त्या रानात हिंडताना. खालच्या गल्लीत कुणाच्या घरातले पाणी उपसताना नव्हे. आणि हिंडताना बापू बरोबर असावेत, भांडत का होईना.